ट्रॅक्टरचे टायर कधी बदलायचे? कोकणातून सारखे येणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल-मे आला की हेच प्रश्न येतात, लांजा-राजापूरकडून, कुडाळ-सावंतवाडीकडून, गुहागरहून. घाटावरच्या मोठ्या सपाट शेतीसाठी सांगितलेलं सगळंच्या सगळं आपल्याकडं लागू पडत नाही. आपला ट्रॅक्टर जून-जुलैत चिखलात असतो आणि दिवाळीनंतर मिरगापर्यंत चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे), शेणखत, लाकूड घेऊन कातळावर आणि डांबरावर पळतो, म्हणजे एकाच टायरला दोन वेगळी कामं. मी स्वतः भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो, त्या हिशोबानं उत्तरं लिहिली आहेत. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. टायर बदलायची वेळ झाली हे नक्की कशावरून ओळखायचं?

तीन गोष्टी बघायच्या. नक्षीची उंची किती उरली, टायरचं अंग (म्हणजे आतले धागे, साइडची भिंत) शाबूत आहे का, आणि कामात चाक किती घसरतं. यातलं अंग खराब असेल तर पुढचं काही बघायचंच नाही, धागे दिसायला लागले किंवा साइडला फुगा आला की तो टायर उतरवायचा, नक्षी नवी असली तरी. अंग चांगलं असेल तर मग नक्षी मोजा (प्रश्न २) आणि घसरण मोजा (प्रश्न ३). नुसतं बघून ठरवू नका, गुळगुळीत दिसणारा टायर एखाद्याच्या कामाला अजून वर्षभर पुरतो आणि बरा दिसणारा दुसऱ्याच्या मळ्यात पहिल्याच दिवशी रुततो.

२. नक्षी किती राहिली हे मोजायचं कसं? बघून तर चांगली वाटते

शेजारशेजारच्या दोन दात्यांवर (नक्षीच्या उंच पट्ट्या त्या दाते) एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून खाली टायरच्या अंगापर्यंत स्केल किंवा साधी काडी घालून माप घ्या. एकाच जागी नको, मधल्या भागात घ्या, कडेला घ्या, चाक थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी घ्या, आणि सगळ्यात कमी आलेलं माप खरं धरा. १३.६-२८ च्या साध्या शेतीच्या टायरची नक्षी नवीन असताना साधारण ३० ते ३५ मिमी असते, कंपनी आणि मॉडेलप्रमाणं कमीजास्त, म्हणून दुकानात तोच टायर नवा ठेवलेला असेल तर त्याचं माप घेऊन या. नव्याच्या पाव हिश्शाएवढी उरली, म्हणजे सात-आठ मिमी, की शेतातल्या ओढीच्या कामाला तो टायर संपला असं समजा. लोक फसतात कुठं, तर दात्याचा कडेचा भाग उंच दिसतो आणि मधला झिजून गेलेला असतो. उभं राहून बघितलं की कडच दिसते.

३. घसरण म्हणजे स्लिप, ती घरच्या घरी मोजता येते का?

येते, खडू आणि दोन खुंट्या पुरतात आणि माझ्या मते सगळ्यांनी वर्षातनं एकदा हे करावंच. मागच्या चाकावर खडूनं खूण करा. रोटाव्हेटर चाकाला पुढं ढकलतो त्यामुळं त्यानं खरं माप येत नाही, नांगर किंवा कल्टिव्हेटर लावा, नेहमीच्या खोलीवर सोडा, चालू कामात चाकाचे १० फेरे मोजा, फेरे सुरू झाले तिथं आणि संपले तिथं खुंटी ठोका. मग अवजार उचलून त्याच दोन खुंट्यांमधलं अंतर तसंच परत चाला आणि किती फेरे लागले ते मोजा. ९ लागले तर घसरण १० टक्के, साडेआठ लागले तर १५, आठ लागले तर २०, सात लागले तर ३०. कडक जमिनीत १० ते १५ टक्के घसरण चालते, ती अजिबात नसणं पण चांगलं नाही, मग ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असं समजायचं. पण वीसच्या वर गेलात की दर पाच फेऱ्यांतला एक फेरा फुकट, डिझेल जळतंय आणि रबर पण जातंय.

दोन गोष्टी सांभाळा. हे माप वाफशावर घ्या, चिखलात नाही, चिखलात नवा टायर पण घसरतो. आणि माप घ्यायच्या आधी हवा बघा, कारण मागच्या टायरात हवा जास्त असली की जमिनीला टेकणारा भाग कमी होतो आणि घसरण वाढते. बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तकात शेतासाठी मागं १२ पीएसआयच्या आसपास सांगितलेलं असतं आणि आपल्याकडं सर्रास २०-२५ भरलेली सापडते. कित्येकांचा टायर बदलायचा प्रश्न हवा उतरवल्यावर एक सीझन पुढं गेलाय.

४. टायर किती वर्ष टिकतो? माझ्याला सहा वर्ष झाली

वर्षांवरून ठरवू नका, पण तारीख माहीत असू द्या. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. वर्षाला दीडशे-दोनशे तास फक्त शेतीत फिरणाऱ्या ट्रॅक्टरचं रबर झिजायच्या आधी म्हातारं होतं, कडक पडतं, भेगा जातात (प्रश्न ५). चिरेखाणीवर रोज धावणाऱ्याची नक्षी दोन-अडीच वर्षांत पण संपू शकते. जांभ्याचा रस्ता कानसीसारखा रबर खातो आणि मे महिन्याच्या तापलेल्या डांबराची त्यात भर. त्यामुळं शेजाऱ्याचा टायर आठ वर्ष गेला याला काही अर्थ नाही, त्याचा ट्रॅक्टर किती रोडवर असतो ते विचारा.

५. नक्षी भरपूर आहे पण साइडला बारीक बारीक भेगा पडल्यात, चालेल का?

वरवरच्या केसासारख्या भेगा असतील, नख अडकत नसेल तर चालेल, लक्ष ठेवा. नख आत जात असेल, भेग दाबल्यावर उघडत असेल किंवा आतला धागा दिसत असेल तर नाही. दात्याच्या मुळाशी, जिथं दाता अंगाला चिकटतो तिथं भेग आडवी धावत असेल तर तो दाता एक दिवस उखडून जाणार हे धरून चाला.

आपल्याकडं या भेगांचं मुख्य कारण म्हणजे ट्रॅक्टर महिनोन्महिने आंब्याखाली उघड्यावर उभा असतो, एका बाजूनं ऊन खातो आणि त्यात हवा कमी. हवा कमी असलेल्या टायरची भिंत दुमडून राहते आणि तिथंच फाटते. उभा करायचा असेल तर हवा बरोबर ठेवा, चाकावर जुनं गोणपाट टाका, महिन्यातनं एकदा थोडा पुढं-मागं करा. आणि डिझेल, ग्रीस, ऑइल रबरावर सांडू देऊ नका, त्यानं रबर फुगून मऊ पडतं.

६. चिखलणीला तर मी लोखंडी केज व्हील लावतो, मग टायर गुळगुळीत असले तर काय बिघडलं?

पूर्ण केज व्हील, म्हणजे रबरी चाक काढून लोखंडी चाक, असेल तर चिखलणीपुरतं काहीच बिघडलं नाही. पण आपल्याकडं बरेच जण टायर तसाच ठेवून बाजूला अर्ध केज जोडतात, तिथं निम्मी ओढ टायरचीच असते, टायर गोटा झाला की सगळा भार केजवर येतो आणि बोल्ट तुटायला लागतात. आणि खाचरातनं बाहेर कसे येणार? बांध चढताना, मळ्याच्या ओल्या पाणंदीत केज उतरवल्यावर टायरच कामाला येतो. बांध चढताना मागची चाकं घसरून पुढचं तोंड वर उचलायला लागलं तर तिथंच थांबा, क्लच दाबा, ट्रॅक्टर परत खाली घ्या आणि उलटा रिव्हर्समध्ये चढवा. माणसं यात गेली आहेत.

फक्त चिखलातच ट्रॅक्टर वापरत असाल तर भातशेतीचे उंच दात्यांचे टायर मिळतात, साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट खोल नक्षी असते. पण हे रोडवर घालू नका, हादरे बसतात आणि सीझनभरात दाते कापले जातात. चिरे पण ओढायचे आणि मळा पण करायचा असेल तर साधा टायर आणि सोबत केज हेच बरं.

७. माझा ट्रॅक्टर बाराही महिने चिऱ्याच्या ट्रॉलीला असतो, शेतात जातच नाही. मग नक्षी कशाला हवी?

हा प्रश्न बरोबर आहे. सुक्या डांबरावर झिजलेला टायर ओढीला कमी पडत नाही, उलट जास्त रबर टेकतं. म्हणून रोडवाल्यांनी पाव हिश्शाचा नियम थोडा ताणला तर माझी हरकत नाही, फक्त पावसाळा सोडून.

पहिल्या पावसानंतर खाणीच्या रस्त्यावर जांभ्याच्या धुरळ्याचा लाल गिलावा होतो, आणि त्या गिलाव्यातनं खालच्या कडक दगडापर्यंत पोचायला दाते लागतात. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येत होतो, नक्षी बोटाच्या नखाएवढी उरलेली, हा महिना काढू मग बदलू असं म्हणत होतो. ब्रेक लावल्यावर चाकं थांबली पण ट्रॅक्टर थांबला नाही, मागनं ट्रॉली ढकलत राहिली, शेवटी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासून थांबलो. कुणाला लागलं नाही. पण त्या गडग्याच्या पलीकडं वस्ती आहे, आणि अजून त्या वळणावर आलो की हात घट्ट होतात. तेव्हापासून माझा नियम असा की चिरे ओढणाऱ्यानं मिरगाच्या आधी नक्षी मोजायची आणि दहा मिमीच्या खाली असेल तर ओल्या उतारावर भरलेली ट्रॉली न्यायची नाही. आणि उतार नेहमी खालच्या गिअरमध्ये, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवून.

८. दगड लागून कट गेलाय, टायरवाला म्हणतो पॅच मारून देतो. मारू की बदलू?

कट कुठं आहे त्यावर आहे. नक्षीच्या भागात, बारीक, धागे फार तुटलेले नसतील तर आतनं चांगला गरम पॅच मारून टायर पुढं चालतो. भिंतीला मोठा कट, बोट आत जाईल असा, तो पॅचनं काही दिवस जाईल पण ट्रॉलीच्या भाराखाली भरवसा ठेवू नका. आतल्या कडेची तार, म्हणजे रिमला बसते ती, तुटली असेल तर दुरुस्ती नाहीच.

बरेच जण आत जुन्या टायरचा तुकडा, गेटर म्हणतात तो, घालून चालवतात. शेतात हळू चालवायला तात्पुरता चालेल. पण तो तुकडा आत घासतो आणि ट्यूब खातो, मग महिन्याला दोन पंक्चर काढत बसता आणि कुठला खिळा लागतोय तेच कळत नाही. वारंवार एकाच जागी पंक्चर होत असेल तर टायरच्या आतनं हात फिरवून बघा, फडकं गुंडाळून, तुटलेल्या तारा हाताला लागतात.

९. एकच टायर खराब झालाय, एकच बदलला तर चालतो का?

मागच्या दोन चाकांत एक नवं आणि एक गोटा असेल तर उंचीत दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो, ट्रॅक्टर एका बाजूला कलतो, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावर पण सारखा काम करत राहतो आणि कमी पकडीच्या बाजूचं चाक मळ्यात नुसतं फिरतं. म्हणून जोडी बदला. दुसरा टायर निम्म्याच्या वर चांगला असेल तर त्याच्याच जवळपास झिजलेला वापरलेला टायर शोधणं हा पर्याय आहे (प्रश्न १२). फोर बाय फोर (४×४, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ) असेल तर अजून काळजी, ते पुढच्या उत्तरात.

१०. माझा मिनी ट्रॅक्टर ४×४ आहे. मागचे नवे टाकले तर पुढचे पण टाकावे लागतात का?

नेहमीच नाही, पण मोजल्याशिवाय टाकू नका. ४×४ मध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरावीत असं गणित असतं, साधारण १ ते ५ टक्के. मागचे नवे आणि पुढचे झिजलेले असले की हे गणित उलटं होऊ शकतं, पुढची चाकं ओढण्याऐवजी अडवायला लागतात. पुढचे नवे आणि मागचे गोटा असले तर पुढची जास्त पळतात, पुढचे टायर भराभर झिजतात, गिअर ताणलेले राहतात आणि ४×४ चा दांडा सुटता सुटत नाही.

मोजायचं असं. मऊ मातीच्या सपाट जागेवर, अवजार न लावता, ४×४ बंद ठेवून मागच्या चाकाचे १० फेरे चाला आणि तेवढ्यात पुढचं किती फिरलं ते मोजा. मग ४×४ चालू करून परत तेच. समजा बंद असताना १५ आणि चालू असताना साडेपंधरा आले तर साधारण ३ टक्के पुढं, ठीक आहे. दोन्ही सारखे आले किंवा चालू असताना कमी आले तर चारी टायर किंवा पुढची जोडी बघावी लागेल. साइज बदलताना तर हे करायलाच पाहिजे, नुसतं रिमला बसतो म्हणून दुसऱ्या साइजचा टायर ४×४ ला घालू नका. आणि डांबरावर ४×४ बंद ठेवा, बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

११. पुढचा टायर एकाच बाजूनं झिजतोय

टायर बदलून उपयोग नाही, नवा पण तसाच जाईल. टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंग पिनचे बुश आणि चाकाचं बेअरिंग बघा, मग टो-इन (पुढची चाकं तोंडाला किंचित आत वळलेली असतात तो फरक) पुस्तकातल्या मापाला लावून घ्या. दोन्ही कडा झिजल्या आणि मध चांगला म्हणजे हवा कमी, मध झिजला आणि कडा चांगल्या म्हणजे हवा जास्त. पुढच्या टायरच्या मधल्या उभ्या धारा गेल्या की ओल्यात स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, म्हणून त्या गुळगुळीत व्हायची वाट बघू नका.

१२. रबर चढवलेला किंवा सेकंडहँड टायर घ्यावा का?

मागच्या टायरला चांगल्या ठिकाणी रबर चढवून घेतलं आणि अंग चांगलं असेल तर पैसे वाचतात, शेतीच्या कमी वेगाला ते चालतं. अट अशी की भिंतीत भेग नको, जुना मोठा कट नको आणि तुमचाच टायर असावा म्हणजे त्याचा इतिहास माहीत असतो. पुढच्या टायरला मी हे करत नाही, स्टिअरिंगच्या चाकावर प्रयोग नको. सेकंडहँड घेताना प्रश्न ४ मधली तारीख आणि प्रश्न ५ मधली नखाची परीक्षा, दोन्ही करा, आणि टायरच्या आतली बाजू उजेडात धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१३. खाडीकडेची खार जमीन आहे, टायरपेक्षा रिमच सडतेय. काय करायचं?

हे आपल्या किनारपट्टीचं खास दुखणं आहे. खारट पाणी टायर आणि रिमच्या फटीत बसतं, रिम आतनं फुलते, गंजाच्या पापुद्र्यानं ट्यूब कापली जाते आणि आपण टायरला दोष देतो. खारातनं आलं की गोड्या पाण्यानं चाक धुवा, व्हॉल्व्हच्या भोकाजवळ जास्त. टायर बदलायला उतरवलात की ती संधी सोडू नका, रिम खरवडून प्रायमर आणि रंग मारून मगच नवा टायर चढवा. वजनासाठी टायरात पाणी भरत असाल तर विहिरीचं गोडंच भरा, व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण भागापर्यंत. आपल्याकडं पाणी गोठत नाही त्यामुळं त्यात मीठबीठ काही घालायची गरज नाही.

आणि एक हात जोडून सांगतो. टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग करू नका, हवा काढलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. आधी टायर उतरवायचा, मग वेल्डिंग.

१४. नवीन घेताना काय बघू? दुकानदार म्हणेल ते घ्यायचं का?

आधी जुन्या टायरवरचा आकडा लिहून न्या. १३.६-२८ म्हणजे १३.६ इंच रुंदी आणि २८ इंचाची रिम. प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या भार पेलायच्या ताकदीचा आकडा, पण तेच किंवा जास्त. कृषक, शक्ती लाइफ, आयुष्मान, वज्र सुपर अशी बरीच नावं आहेत, त्यातलं कुठलं चांगलं यावर मी वाद घालत नाही, तुमच्या जवळ ज्याची वॉरंटी नीट मिळते ते घ्या.

तारीख मात्र स्वतः वाचा. मला एकदा एका दुकानातनं नवा म्हणून तीन वर्ष जुना टायर मिळाला, मी घरी आल्यावर बघितलं, आणि बिल झाल्यावर ते बदलून द्यायला तयार नव्हते. तेव्हा मी न बघता घेतला हे खरं, पण शेतकऱ्याला असं देऊ नये. तुम्ही गाडीत चढवायच्या आधी बघा आणि बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, बिलात तो नीट लागलाय का हे पण बघा.

टायर नवा तर ट्यूब आणि आतली पट्टी पण नवी, जुनी ट्यूब ताणलेली असते आणि घडी पडून तिथं फुटते. चढवताना ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघितलं की नक्षीच्या बाणाचं टोक वर दिसलं पाहिजे, उलटा लागला तर चिखल बाहेर न पडता आत भरतो. कड बसवताना ३५ पीएसआयच्या वर हवा कधीच भरायची नाही, बसत नसेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत. पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकाचे नट परत आवळा.

१५. मग घ्यायचे कधी, पावसाआधी की नंतर?

शेतीवाल्यांनी मे महिन्यात घ्यावेत, मिरगाच्या आठ दिवस आधी दुकानात गर्दी असते आणि हवी ती साइज मिळत नाही, मिनी ट्रॅक्टरची ८-१८ किंवा ८.३-२० तर हमखास संपलेली असते. पण मोजमाप दिवाळीनंतर कापणी-झोडणी आटोपली, ट्रॅक्टर धुतला की करून ठेवा, म्हणजे पैशाची सोय करायला सहा महिने मिळतात. रोडवाल्यांनी पण नवे उन्हाळ्याआधी टाकू नका. उन्हाळाभर जुन्यावर ओढून मग मेअखेर नवे टाका म्हणजे नवी नक्षी पावसाला मिळते, डांबराला नाही.

१६. ऐन लावणीत टायर गेला तर?

तरवा (भाताची रोपं) काढून ठेवलेला असतो, माणसं सांगितलेली असतात, अशा वेळी दुकानाच्या वाऱ्या करू नका. शेजाऱ्याकडून पूर्ण केज व्हीलची जोडी मागून घ्या, चिखलणी उरका, टायर लावणी झाल्यावर. पॉवर टिलरवाल्यांना तर हा त्रास नाहीच, ते चिखलात लोखंडी चाकंच लावतात, त्यांनी रबरी टायर फक्त रस्त्यापुरते बघायचे आणि भिंत फाटेपर्यंत वापरले तरी चालतात, ट्रॉली जोडत नसतील तर.

१७. ट्रॉलीच्या टायरला पण हेच नियम का?

ओढीचे नियम नाहीत, ट्रॉलीचं चाक ओढत नाही. तिथं फक्त अंग, हवा आणि भार बघायचा. ट्रॉलीला हवा जास्त लागते, टायरवर लिहिलेली असते, ती कमी असली की भिंत तापून फुटते. धागा दिसला की बदला.

१८. जुने टायर काय करायचे?

जाळू नका, तो धूर घातक आहे. परड्यात उघडे टाकू नका, पावसाचं पाणी साठून डासांची पैदास होते, डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. रबर चढवणारे चांगलं अंग असलेला टायर विकत घेतात, त्यांना आधी विचारा. नाहीतर जेटीवर विचारा, होडी धक्क्याला आपटू नये म्हणून ते लावतात, फक्त खालनं भोकं पाडून द्या म्हणजे पाणी राहणार नाही.